चकलीपासून क्लिम्टपर्यंत: लहान मुलांसोबत चार दुपारी

पहिल्या वर्षी मी सगळं उलटं केलं होतं. नाशिकच्या इंदिरानगरातल्या आमच्या सोसायटीत मे महिन्याच्या सुट्टीत नऊ मुलं जमवली, लॅपटॉप उघडला आणि सुरुवात केली, "गुस्ताव क्लिम्ट नावाचा एक चित्रकार होता, तो व्हिएन्नाला राहायचा." "व्हिएन्ना म्हणजे मुंबईच्या पुढे का?" एकाने विचारलं. मी नकाशा शोधायला लागले. तो सापडेपर्यंत दोघं पंख्याच्या बटणाशी खेळायला गेली होती. मग घाईघाईने झाडाची छापील रेषाचित्रं वाटली आणि रंगवा म्हटलं. तासाभरात नऊ झाडं तयार, नऊच्या नऊ सारखी. आयांनी फोटो काढले, कौतुक झालं. मला मात्र ती झाडं बघवेनात, कारण त्यातलं कुठलं कोणाचं हे मागे नाव लिहिल्याशिवाय कळत नव्हतं.

त्यानंतर क्रम बदलला. आधी नक्षी मुलांच्या हातात बसू द्यायची, मग चित्र दाखवायचं, आणि चित्रकाराचं नाव त्याच्याही नंतर. आता हे चौथं वर्ष. चार ते सात वयाच्या मुलांसाठी चार दुपारी, रोज पस्तीस-चाळीस मिनिटं, एवढा वेळ पुरतो. एका वेळी सहा मुलं बरी, आठच्या वर घेऊ नका.

क्लिम्टच का?

हा प्रश्न मला दरवर्षी कोणीतरी आजोबा विचारतात. आपल्याकडे वारली आहे, पेठ-सुरगाण्याकडे गेलं की अजून घरांच्या भिंतींवर दिसते, मग हा परदेशी कशाला? वारली मी घेतेच, दिवाळीच्या सुट्टीत, आणि जिव्या सोमा म्हशे यांचं नावही मुलांना सांगते. पण क्लिम्टच्या चित्रात लहान मुलाला स्वतःहून काढता येणारे आकार खच्चून भरलेले आहेत: वेटोळी, त्रिकोण, चौकटी, गोल, डोळे. शिवाय सोनं. चमकणाऱ्या गोष्टीकडे पाच वर्षांचं मूल ओढलं जातंच, तिथे वेगळी प्रस्तावना करावी लागत नाही.

तुमच्यापुरती माहिती एवढी असू द्या. क्लिम्टचा जन्म 14 जुलै 1862 चा, ऑस्ट्रियातल्या व्हिएन्नाजवळच्या बाउमगार्टनचा, आणि मृत्यू 6 फेब्रुवारी 1918 चा. वडील सोन्यावर नक्षी कोरणारे कारागीर, घरात सात भावंडं. चौदाव्या वर्षी तो व्हिएन्नाच्या उपयोजित कलेच्या शाळेत गेला. 1897 मध्ये जुन्या पठडीला कंटाळलेल्या कलाकारांनी वेगळी संघटना काढली, तिचा तो पहिला अध्यक्ष. 1903 मध्ये इटलीतल्या राव्हेनाला जाऊन त्याने तिथल्या जुन्या चर्चमधली मोझेकची चित्रं पाहिली, काचेच्या आणि सोन्याच्या बारीक तुकड्यांची. त्यानंतर त्याच्या चित्रांतलं सोनं वाढतच गेलं.

आपल्याला हवं आहे ते त्याचं 'जीवनवृक्ष'. ब्रसेल्समध्ये स्टोक्ले नावाच्या श्रीमंत गृहस्थाचं घर 1905 ते 1911 या काळात बांधलं गेलं. वास्तुकार योसेफ हॉफमान. त्या घराच्या जेवणघराच्या भिंतींसाठी क्लिम्टने हे झाड काढून दिलं. त्याने कागदावर पूर्ण मापाची चित्रं केली आणि कारागिरांनी ती संगमरवर, काच, मिनाकारी, धातू वापरून भिंतीवर उतरवली. कागदावरची ती चित्रं आज व्हिएन्नाच्या माक संग्रहालयात आहेत. जेवताना समोर चकल्यांनी लगडलेलं झाड, ही कल्पना मुलांना फार आवडते.

एक सूचना आत्ताच. मुलांच्या समोर मोबाइलवर क्लिम्टची चित्रं शोधू नका. त्याने विवस्त्र स्त्रियांची बरीच चित्रं काढली आहेत आणि ती त्याच यादीत येतात. हवी ती दोन-तीन चित्रं आदल्या दिवशी निवडा, कॉलेज रोडवर कुठेही ए-थ्री कागदावर रंगीत प्रिंट काढून मिळते. स्क्रीनवर दाखवलंत की मुलं बोटाने पुढे सरकवायला बघतात. कागद जागेवर राहतो.

सामान

सोन्यासाठी बाजारात जायची गरज नाही. लग्नपत्रिका जमवा. नाशिकमध्ये ज्याच्या घरी कपाटावर पत्रिकांचा गठ्ठा नाही असं घर मला माहीत नाही. जाड कागद, सोनेरी छपाई, मरून आणि हिरव्या छटा, वर वेलबुट्टी. पत्रिका कापण्याआधी मात्र एक काम करायचंच: वरचा गणपती आधी कापून वेगळ्या पाकिटात ठेवायचा. पत्रिका पहिल्यांदा वापरल्या तेव्हा मी तो तसाच राहू दिला. एका मुलाने त्याच्या बरोबर सोंडेतून कात्री घातली आणि दारात बसलेल्या आजींचा चेहरा बदलला. पत्रिकेतला नावा-पत्त्यांचा भागही मी काढून टाकते.

मिठाईच्या खोक्यातला सोनेरी पुठ्ठा आणि चॉकलेटची चांदीही चालते. ग्लिटर अजिबात नको, डोळ्यांत जातं आणि पुढचे दोन महिने घरात राहतं. सोनेरी रंगाची सुटी भुकटी तर लहान मुलांच्या जवळपासही नको.

बाकी यादी छोटी आहे: वह्यांना घालतो तो ब्राऊन पेपर, काळे तेलखडू, बोथट टोकाच्या कात्र्या, फेविकॉल, बाटल्यांची झाकणं, चार वाट्या, बारीक रवा अर्धा किलो, मळलेली कणीक आणि जुने पेपर.

पहिली दुपार: वेटोळं

या दिवशी चित्रकार नाही, चित्र नाही, रंगसुद्धा नाहीत.

मुलं आली की प्रत्येकाला लिंबाएवढा कणकेचा गोळा द्या. त्याची दोरी वळा म्हणायचं आणि दोरीची चकली. चकली कशी असते हे नाशिकच्याच काय, महाराष्ट्रातल्या कुठल्याही पोराला सांगावं लागत नाही. इथे त्यांना एक गोष्ट हातानेच कळते: मधून सुरुवात केली की चकली हवी तेवढी मोठी करता येते, बाहेरून केली की आत गेल्यावर जागा संपते.

मग स्टीलच्या ताटात रवा पसरा, जेमतेम तळ झाकेल एवढाच. बोटाने वेटोळं काढायचं, ताट हलवून पुसायचं, पुन्हा काढायचं. चार वर्षांची मुलं पहिल्यांदा गोलात गोल काढतात, एकमेकांना न जोडलेले. त्यांना "चुकलं" म्हणू नका. "बोट उचलायचं नाही, मुंगी घरातून निघाली आहे आणि तिला स्वतःच्या वाटेवर पाय ठेवायचा नाही," एवढं सांगा. या मुंगीने मला जेवढी मदत केली तेवढी कुठल्याही चार्टने केली नाही. रेषांमध्ये जागा सोडायची हे आपोआप जमतं.

रव्याचा खेळ दहा मिनिटं चालू द्या, पंधराही चालतील. मोठ्यांना हे वाया गेलेलं वाटतं, पण चौथ्या दिवशी झाडाची फांदी हिमतीने मारणारा हात इथे तयार होतो.

शेवटची दहा मिनिटं वेटोळ्यांची शोधाशोध. डासांची कॉइल, गोगलगाय, गुंडाळलेली चटई, जिन्याखालचा पाण्याचा पाइप. आणि जमलं तर द्राक्षवेलीचा तुकडा. दिंडोरी-निफाडकडचं कोणी ओळखीचं असेल तर एप्रिल छाटणीनंतर वेल वाढत असताना बाळीसकट एक फुटवा मागून घ्या. बाळी म्हणजे तारेला घट्ट विळखा घालून बसणारा तो हिरवा दोरा. बागाईतदार ती काढून टाकतातच, त्यामुळे हसत देतात. मागच्या वेळी एकीने ती बाळी हळूच ओढून सरळ केली आणि सोडली. ती पुन्हा गुंडाळली गेली. मग सगळ्यांना तेच करून बघायचं होतं, माझी पुढची सगळी योजना तिथेच संपली. मी ती संपू दिली.

दुसरी दुपार: चित्र

'जीवनवृक्षा'ची प्रिंट भिंतीवर मुलांच्या डोळ्यांच्या उंचीला लावा, म्हणजे आपल्या कमरेच्या थोडी वर. त्यावर वर्तमानपत्र आणि वर्तमानपत्राला वहीच्या अर्ध्या पानाएवढी खिडकी कापलेली. खिडकीतून आधी एकच वेटोळं दिसू दे.

"चकली!" हा आवाज येतोच.

मग खिडकी सरकवा. दुसरी चकली, त्रिकोण, डोळ्यासारखा आकार. मुलं स्वतःच मोजायला लागतात. शेवटी सगळा पेपर काढा. या क्षणी आपण गप्प बसायचं, निदान मनात वीस आकडे मोजेपर्यंत. हे अवघड आहे, मला अजूनही जड जातं. "छान आहे ना?" असं विचारलंत तर सगळी "हो" म्हणतील आणि बघणं तिथेच थांबेल. "कसं वाटतं?" हाही या वयाला फार मोठा प्रश्न. "काय काय दिसतंय?" एवढंच विचारा. झाडावर एक काळा पक्षी बसलाय. तो कुठे आहे हे आपण सांगायचं नाही. तो ज्याला सापडतो तो त्या दिवशी राजा असतो.

आता गोष्ट. मी साधारण अशी सांगते:

"हे झाड ज्याने काढलं त्याचं नाव गुस्ताव. त्याचे बाबा सोन्यावर नक्षी कोरायचे. आपल्या सराफ बाजारात दुकानाच्या मागे दिवा लावून वाकून बसलेले काका असतात ना, तसे. घरात सात भाऊ-बहिणी. गुस्ताव मोठा झाला आणि चित्रं काढायला लागला. काढताना तो पायघोळ ढगळ झगा घालायचा, आणि त्याच्या खोलीत मांजरी फिरायच्या. आणि चित्रात तो सोनं लावायचा. खरं सोनं."

इथे थांबायचं. "खरं सोनं?" हा प्रश्न येणार, आणि त्याचं उत्तर हातात तयार हवं. मिठाईच्या दुकानातून चांदीचा वर्ख आणून ठेवा. काजूकतलीवर असतो तोच. कागदाच्या दोन पानांमधला तो पातळ पापुद्रा उघडायचा आणि मुलांना श्वास रोखून जवळ बोलवायचं. सोन्याचा वर्खही असाच कुटून पातळ केलेला असतो, म्हणून चित्रभर लावता येतो. बोट लावलं तर बोटालाच चिकटतो. आमच्याकडे एकाला नेमकी तेव्हाच शिंक आली आणि अर्धा वर्ख एका मुलीच्या नाकावर जाऊन बसला. तिने तो घरी जाईपर्यंत पुसू दिला नाही.

त्याच दिवशी दुसरं चित्र दाखवायचं असेल तर 'चुंबन', 1907-08 चं, व्हिएन्नाच्या बेल्व्हेडेर संग्रहालयातलं. पूर्ण चित्र दाखवायलाही हरकत नाही, दोघंही पायघोळ कपड्यांत आहेत. पण मी खिडकीतून त्यांचे कपडेच दाखवते, कारण गंमत तिथे आहे. त्याच्या अंगावर काळ्या-पांढऱ्या-सोनेरी उभ्या चौकटी आहेत, तिच्या अंगावर गोल आणि फुलं. "कोणाचा कपडा कोणता?" हा खेळ पाच वर्षांची मुलं बरोबर खेळतात. हे चित्र 180 सेंटिमीटर लांब आणि तेवढंच रुंद आहे. फरशीवर चिकटपट्टीने तेवढा चौकोन आखा आणि मुलांना त्यात झोपायला सांगा. ए-थ्री कागदावर पाहिलेलं चित्र खरं केवढं असतं हे सांगून कळत नाही, आत आडवं पडल्यावर कळतं.

तिसरी दुपार: सोनं आणि काठ

हा माझा सगळ्यात आवडता दिवस, त्यामुळे इथे जरा लांबण लागेल.

आल्या आल्या हात धुवायचे आणि मग एक पैठणी उघडायची. येवला आपल्याच जिल्ह्यात आहे, आणि सोसायटीत एखाद्या आजींकडे तरी लग्नातली पैठणी निघतेच. आजींनाच बोलवा, त्यांच्याच हातांनी घडी उलगडू द्या. फेविकॉलची बाटली तेव्हा दुसऱ्या खोलीत असू दे. ही अट आजी घालायच्या आधी तुम्हीच घाला.

मुलांना काठ दाखवा. तोच आकार पुन्हा, पुन्हा, पुन्हा. पदरावर मोर, कुठे पोपट म्हणजे मुनिया, कुठे आसवलीची वेल. 'नक्षी' शब्दाचा अर्थ इथे सांगायचा: पुन्हा पुन्हा येतं आणि येणार हे आधी कळतं. मी काठावर बोट ठेवून पुढे सरकवते आणि मध्येच थांबून विचारते, "आता काय येणार?" मुलं ओरडून उत्तर देतात. आणि हे छापलेलं नाही, विणकराने रंगारंगाचा धागा हाताने ओवत केलंय, म्हणून पदर उलटा केला तरी नक्षी दिसते, हेही उलटून दाखवा. मागच्या वर्षी एका सहा वर्षांच्या मुलाने पदरावरचे मोर एकेक करून तपासले आणि जाहीर केलं, "या मोराची मान वेगळी आहे." खरंच वेगळी होती, हिरव्याऐवजी निळी. चाळीस वर्षं ती साडी नेसणाऱ्या आजींना ते माहीत नव्हतं. त्यांनी चष्मा काढून पुसला आणि पुन्हा बघितलं.

क्लिम्टलाही नक्षीदार वस्त्रांचं वेड होतं. त्याची जवळची मैत्रीण एमिली फ्लोगे व्हिएन्नात बहिणींसोबत कपड्यांचं दुकान चालवायची. त्याच्या चित्रांतले कपडे माणसांपेक्षा जास्त जागा का अडवतात, याचं थोडं उत्तर मला तिथे दिसतं. मुलांना हे सांगायची गरज नाही, विचारलं तर सांगा.

पैठणी घडी होऊन सुखरूप घरी गेली की पत्रिका काढा. मोठ्यांनी आधी बोटभर रुंदीच्या पट्ट्या कापून ठेवायच्या, मग मूल एका कचक्यात चौकोन पाडू शकतं. चौकोन तिरका कापला की दोन त्रिकोण. गोल कापणं या वयाला त्रासाचं, त्यामुळे ते पंचिंग मशिनने पाडून घ्या, टिकल्यांसारखे पडतात. चार वाट्यांत वर्गवारी: चौकोन, त्रिकोण, गोल, आणि "कशातच न बसणारे". ही चौथी वाटी ठेवाच, सगळ्यात चांगले तुकडे तिच्यातच जमतात. कोणाला आठवलं तर दसऱ्याच्या आपट्याच्या पानासारखे जोड-आकारही कापून बघा. पानाला सोनं म्हणायची सवय असलेल्या मुलांना पत्रिकेला सोनं म्हणणं जड जात नाही.

आता ब्राऊन पेपरची वीतभर रुंद पट्टी प्रत्येकाला. तिच्यावर काठ मांडायचा, चिकटवायचा नाही. गोल-चौकोन-गोल-चौकोन. जमलं की गोल-गोल-त्रिकोण. चार वर्षांचं मूल तिसऱ्या-चौथ्या फेरीत क्रम विसरतं. तेव्हा दुरुस्त करू नका, त्यालाच काठावर बोट ठेवून मोठ्याने वाचायला लावा: "गोल, गोल, त्रिकोण, गोल, त्रिकोण... अरे!" ते "अरे" त्याचंच असायला हवं. कधी कधी ते येत नाही आणि मूल म्हणतं, मला असंच आवडलं. तर असंच.

मांडून झालं की मग फेविकॉल. थोडं पाणी घालून झाकणात, झाकणभरच. डिंक कागदाला लावायचा, तुकड्याला नाही. तुकड्याला लावला की तो बोटालाच चिकटून राहतो आणि रडारड होते.

चौथी दुपार: झाड

ब्राऊन पेपरचा मोठा ताव फरशीवर, दोन मुलांत एक. पेपर टेबलावर घेतला की मुलं मनगटानेच काढतात आणि झाड कोपऱ्यात आखडतं. फरशीवर गुडघ्यांवर बसली की खांद्यापासून हात फिरतो.

काळ्या तेलखडूने आधी खोड, कागदाच्या तळापासून अर्ध्यापर्यंत. मग दोन मोठ्या फांद्या, आळस देताना हात पसरतो तशा. प्रत्येक फांदीच्या टोकाला चकली. चकलीच्या पाठीतून छोटी फांदी, तिला छोटी चकली. एवढं सांगून मी उठते आणि पाणी प्यायला जाते. परत येईपर्यंत कागद भरलेला असतो. क्लिम्टची प्रिंट त्या वेळी भिंतीवरून उतरवून ठेवलेली असते. ती समोर राहिली तर सहा-सात वर्षांची मुलं नक्कल करायला लागतात आणि "माझं तसं होत नाही" म्हणून थांबतात. झाडं पुरी झाली की पुन्हा लावा, शेजारी शेजारी.

मग वाट्यांमधलं सोनं. कुठे लावायचं ते त्यांनी ठरवायचं. खोडावर, चकलीच्या पोटात, जमिनीवर. पक्षी शेवटी, आणि तो पक्षीच हवा असं नाही. आमच्या झाडांवर आतापर्यंत मांजर, जेसीबी आणि एक आजोबा बसून गेले आहेत.

आया-बाबा थांबणार असतील तर त्यांना वेगळा ताव द्या. सक्तीने द्या. हात रिकामे असले की ते मुलाच्या झाडावर "जरासं" नीट करायला येतात, आणि ते जरासं लांबून ओळखू येतं. स्वतःचा कागद मिळाला की मुलाकडे बघायलाही त्यांना वेळ नसतो.

मे महिन्यात हे अर्ध्या तासात वाळतं. श्रावणात केलंत तर कागद संध्याकाळपर्यंत ओलसर राहतो आणि कडा वर येतात. मग दोन वर्तमानपत्रांमध्ये ठेवून वर पाटा किंवा जाड पुस्तकं ठेवा. वाळलेला फेविकॉल बोटांवरून सोलण्यासाठी शेवटची पाच मिनिटं राखून ठेवा, मुलांना त्याची झाडाइतकीच ओढ असते.

पत्रिका जमवायला तुळशीच्या लग्नापासूनच सुरुवात करा, मेपर्यंत पुरेसं सोनं साठतं. आमच्या पाकिटात कापून ठेवलेले चाळीसेक गणपती झाले आहेत. ते टाकायला कोणी धजत नाही. गेल्या खेपेला एकीने सुचवलं, पक्ष्याच्या शेजारी बसवू या. आजींना विचारायचं बाकी आहे.